दोन खुणांच्या मधलं ऑइल

पहाटेचे पाच. नगर तालुक्यात दूध गोळा करणाऱ्या कुठल्याही गावात या वेळी थोड्याफार फरकाने एकच दृश्य दिसतं. डेअरीसमोर पिकअप उभी आहे, हौद्यात रिकामे कॅन एकमेकांवर आपटतायत आणि चालक बॉनेट उघडून मोबाइलच्या उजेडात आत डोकावतोय. तो पट्टी ओढून काढतो, फडक्याने पुसतो, पुन्हा आत घालतो, पुन्हा काढतो. एक खालची खूण, एक वरची खूण आणि त्यांच्या मधे कुठेतरी ऑइलची ओली रेघ. टेम्पो चालवण्यात उमर गेलेल्या माणसाला ही रेघ कुठे असणार ते न बघताही ठाऊक असतं. गेल्या आठवड्यापेक्षा जरा खाली. पण गाडी २०२० नंतरची असली तर कधीकधी भलतंच घडतं. रेघ वरच्या खुणेच्याही वर गेलेली असते. एक थेंब न ओतता ऑइल वाढलेलं असतं.

जुन्या चालकाच्या हिशेबात या गोष्टीला जागाच नाही. इंजिन ऑइल खातं, पितं, जाळतं, गळतं. ते ऑइल घालतं असं कुणी ऐकलेलं नाही. हे कोडं सोडवायचं तर आधी नगरच्या कोरडवाहू मुलखात ही पट्टी आली कधी आणि कशी, ते बघावं लागतं. ती वाट हिवरे बाजार या गावाच्या विहिरींवरून जाते.

इंजिन येण्याआधी पातळी बघण्याचा प्रश्नच नव्हता. बैलगाडीच्या आसाला लागायचं ते वंगण. गाडीला टांगलेल्या नळकांड्यात ते भरलेलं असायचं आणि चाक कुरकुरायला लागलं की गाडीवान खाली उतरायचा. वंगण संपलं हे डोळ्यांना दिसत नसे, कानाला कळायचं. शेताच्या बांधावर आपोआप उगवणाऱ्या एरंडाचं तेल चिकट आणि उष्णता सोसणारं, म्हणून वंगणाला फार जुन्या काळापासून उपयोगी. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढे देशभर रूळ पसरले, तेव्हा रेल्वेच्या यंत्रांनाही एरंडेल लागू लागलं. चार्ल्स वेकफिल्ड यांनी १८९९ मध्ये लंडनमध्ये वंगणतेलाची कंपनी काढली आणि १९०९ मध्ये एरंडेल मिसळलेलं एक नवं तेल मोटारी आणि विमानांसाठी बाजारात आणलं. एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच त्याला ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव मिळालं. आज नगरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मांडलेल्या डब्यांवर जे नाव झळकतं, त्याचं मूळ बांधावरच्या झाडात आहे.

मोटारींच्या पहिल्या पिढीत तेल मोजायची पद्धत मोठी गमतीची होती. १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला आजच्यासारखी पट्टी नव्हती. इंजिनाच्या तळाशी वरखाली दोन छोट्या तोट्या होत्या. मालकाने गाडीखाली सरपटत जायचं आणि तोटी उघडायची. वरच्या तोटीतून तेल आलं तर भरपूर आहे. वरून आलं नाही पण खालच्या तोटीतून आलं, तर काम चालेल. खालच्या तोटीतूनही आलं नाही, तर गाडी हलवायची नाही. पुढे या दोन तोट्यांच्या जागी पट्टीवर दोन खुणा आल्या आणि माणूस गाडीखालून बॉनेटपाशी उभा राहिला. बाकी तत्त्व तेच राहिलं. इंजिनाच्या पोटातला साठा दिसत नाही, म्हणून त्याला दोन हद्दी घालून द्यायच्या आणि तो त्या हद्दींत आहे की नाही ते रोज तपासायचं.

पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याशी इंजिनाची गाठ मोटारीत पडली नाही, विहिरीवर पडली.

त्याआधी विहिरीवर मोट होती. चामड्याची मोट, बैलांची जोडी, उताराची धाव आणि पाणी ओतायचं थारोळं. मोट हाकणाऱ्याला विहिरीतलं पाणी किती उतरलं हे वेगळं मोजावं लागत नसे. पाणी खाली गेलं की नाडा लांबवावा लागायचा आणि बैलांची चाल वाढायची. दुपारपर्यंत जोडी दमायची, मोट थांबायची, तेवढ्यात झरे विहीर पुन्हा थोडी भरायचे. उपशाला बैलाच्या दमाचा लगाम होता. मोट हे पाणी उपसण्याचं साधन होतं आणि पाणी मोजण्याचंही.

हा लगाम सुटला तो डिझेल इंजिनाने. जर्मनीत ऑग्सबुर्गला रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ मध्ये यशस्वीपणे चाललं. महाराष्ट्रात त्याची देशी आवृत्ती घडवण्यात दोन नावं पुढे होती. एक साताऱ्याजवळच्या कूपर इंजिनिअरिंगचं. ती धनजीशा कूपर यांनी उभी केली. हे गृहस्थ १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते, कारण प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत. १९३०च्या दशकात त्यांच्या कारखान्यात डिझेल इंजिनं बनू लागली. दुसरं नाव किर्लोस्करांचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर घराघरात नेला. १९४६ मध्ये त्यांचे पुत्र शंतनुराव यांनी पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना केली. पुढच्या दोन-तीन दशकांत पाच हॉर्सपॉवरचं इंजिन हे बागायतदाराच्या ऐपतीचं माप झालं. सोयरीक जमवताना ‘विहिरीवर इंजिन आहे’ हे वाक्य जमिनीच्या एकरांइतक्याच अभिमानाने सांगितलं जाई.

या इंजिनाने शेतकऱ्याला एक नवी शिस्त लावली. हँडल मारण्याआधी पट्टी बघायची. तीन-चार लिटर ऑइल मावणारं ते पोट, त्यात बहुधा चाळीस नंबरचं ऑइल. हे नंबर अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने ठरवलेले. १९११ मध्ये तिने तेलाच्या दाटपणाची वर्गवारी केली. गावात कुणाला ती संस्था माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण ‘तीस पातळ, चाळीस दाट’ हे सगळ्यांना पाठ झालं. ऑइल कमी झालं की इंजिन ‘धरतं’, म्हणजे पिस्टन लायनरमध्ये अडकून बसतो आणि ऐन भरणीत शेकड्यांनी खर्च येतो, हे एकदा भोगलं की माणूस पट्टीला विसरत नसे. काढलेलं जळकं ऑइलसुद्धा वाया जात नसे. वाळवी लागू नये म्हणून दाराच्या चौकटीला, सेंट्रिंगच्या फळ्यांना, गाडीच्या आसाला ते पुरवून पुरवून वापरलं जाई.

म्हणजे इंजिनाच्या पोटातलं चार लिटर ऑइल रोज सकाळी मोजलं जात होतं. ते इंजिन ज्या विहिरीवर बसलं होतं, तिच्या पोटातलं पाणी मात्र कुणी मोजत नव्हतं. बैल दमायचे, इंजिन दमत नव्हतं. मोटेचं दिवसभराचं काम ते काही तासांत उरकायचं. वर बसवलेला पंप जेमतेम सात-आठ मीटर खोलीवरूनच पाणी ओढू शकतो. त्यामुळे पाणी आणखी उतरलं की इंजिनाने पाणी सोडलं म्हणायचं आणि विहिरीत आत कट्टा करून पंप खाली उतरवायचा. हाही एक इशारा होता. तोही ऐकला गेला नाही. वीज आली, मोटारी आल्या, मग बोअर मारणाऱ्या गाड्या आल्या आणि पाण्यात बुडून चालणारे पंप आले. त्यांना खोलीची ती मर्यादाही उरली नाही. नगर जिल्ह्याच्या उत्तरेला, प्रवरेच्या पाटपाण्यावर, सहकारी साखर कारखान्यांचं युग १९५० पासून सुरू झालं होतं. दक्षिणेकडच्या कोरड्या तालुक्यांना पाट नव्हता, पण ऊस त्यांनाही खुणावत होता.

हिवरे बाजार या कोरड्या पट्ट्यातलं. अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, शहरापासून सुमारे सतरा किलोमीटरवर, जखणगावच्या शेजारी, डोंगरांच्या बगलेत. क्षेत्र साधारण ९७६ हेक्टर आणि पाऊस सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास, कारण गाव पर्जन्यछायेत आहे. खाली बेसाल्टचा कठीण खडक. या खडकात पाणी भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात मावतं, शंभर घनमीटर खडकात जेमतेम एक ते तीन घनमीटर. थोडक्यात, टाकी मोठी दिसते पण आत साठा थोडा. १९७२च्या दुष्काळाने ही टाकी रिकामी असल्याचं उघड केलं. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, माणसं मजुरीसाठी पुण्या-मुंबईकडे निघाली. गावात दारू आणि भांडणं इतकी माजली की इथे बदली होणं ही शिक्षा समजली जाऊ लागली. १९९०च्या दशकाच्या मध्यालाही १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती.

पुढची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. एम.कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे तरुण पोपटराव पवार १९८९ मध्ये बिनविरोध सरपंच झाले. आदर्श गाव योजनेत गाव आलं. नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री ठरली. रोजगार हमीच्या पैशातून आणि लोकांच्या श्रमातून डोंगरउतारावर समतल चर खोदले गेले, ओढ्यांवर बांध पडले, पाझर तलाव झाले. या कामांचं कौतुक पुष्कळ झालं, ते रास्तच आहे. पण बांध घालणारी गावं महाराष्ट्रात आणखीही होती. पाणी अडवून दाखवल्यावर दोन-चार वर्षांत त्याच पाण्यावर ऊस उभा करून पुन्हा कोरडी पडलेली गावंही कमी नव्हती. हिवरे बाजार वेगळं ठरलं ते पाणी आल्यानंतर.

गावाने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली. ऊस आणि केळी ही तहानलेली पिकं बाद केली. आणि या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत, राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या मदतीने, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पर्जन्यमापकावर पाऊस मोजायचा, ठरावीक निरीक्षण विहिरींत पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते मोजायचं आणि आकडे ग्रामसभेपुढे ठेवायचे. माणसांचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं. उरलेल्यावर रब्बीत काय पेरायचं आणि किती, ते सगळ्यांसमोर ठरवायचं. पाऊस कमी झाला तर दुसऱ्या पिकाला कात्री लावायची.

हिशेब अवघड नाही. ९७६ हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ९८ लाख लिटर पाणी होतं. चारशे मिलिमीटर म्हणजे जवळपास ३९० कोटी लिटर. त्यातलं बरंचसं वाफ होऊन उडतं, काही वाहून जातं, काही मातीत राहतं आणि उरलेलं मुरतं. मुरलेलं किती याचा पुरावा विहिरीत सोडलेल्या टेपवर मिळतो. टेपच्या टोकाला वजन, वर ओढला की ओली रेघ. ती रेघ वाचणाऱ्या गावकऱ्याच्या हातांना ही हालचाल नवी नव्हती. एका पिढीआधी त्याच काठावर हँडल मारण्यापूर्वी पट्टी पुसून बघितली जात होती. फरक एवढाच की इंजिनाची पट्टी मालक एकटा बघायचा, विहिरीची रेघ आता गाव बघतं.

पाणी टिकलं, तसा चारा टिकला. चराई बंद असल्याने गवत कापून आणायची पद्धत रुजली आणि जनावरं गोठ्यात बांधली गेली. १९९०च्या दशकाच्या मध्याला गावातून दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास दूध निघत होतं. पुढे ते चार हजार लिटरांच्या घरात गेलं. दीडशे लिटर दूध दोन-चार सायकली आणि एखादी लूना मोपेड नेऊ शकते. चार हजार लिटरना गाडी लागते, तीही रोज, दोन्ही वेळा, न चुकता. दूध थांबत नाही. दुधामागून कांदाही निघाला, कल्याण रस्त्यावरच्या नेप्तीच्या कांदा बाजाराकडे. आणि अशा रीतीने ऑइलची पट्टी विहिरीवरून रस्त्यावर आली.

या रस्त्याचाही नगरशी जुना धागा आहे. मराठीत मालवाहू छोट्या गाडीला ‘टेम्पो’ म्हणतात, गाडी कुठल्याही कंपनीची असो. हा शब्द हॅम्बुर्गच्या एका जर्मन कंपनीचं नाव आहे. तिच्या सहकार्याने १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली आणि तिने तीन चाकी मालगाड्या बनवल्या. कंपनी उभारणारे नवलमल फिरोदिया मूळचे नगरचे. त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. याच फिरोदिया घराण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये लूना आणली. कायनेटिकचा कारखाना नगरलाच होता. दूधवाल्याच्या, शिक्षकाच्या, ग्रामसेवकाच्या दाराशी उभी राहणारी ही पहिली ‘स्वतःची गाडी’.

लूनामध्ये ऑइलची पट्टी नव्हती, कारण तिची गरजच नव्हती. दोन स्ट्रोकच्या इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरमागे वीस ते चाळीस मिलिलिटर, आणि ते जळूनच जायचं. ऑइल खाणं हा तिथे दोष नव्हता, इंजिनाची रचनाच तशी होती. पंपावर पेट्रोल घेतलं की ‘ऑइल मारा’ म्हणायचं आणि निळा धूर सोडत निघायचं. एका अख्ख्या पिढीच्या मनात निळा धूर म्हणजे चालू गाडी असं समीकरण बसलं. चार स्ट्रोकच्या डिझेल गाडीत तोच निळा धूर आजाराचं लक्षण असतो, हे शिकायला वेळ लागला.

ते शिकवलं १९६९ मधल्या मॅटाडोरने, १९८६ मध्ये आलेल्या टाटा ४०७ने, महिंद्रांच्या जीपगाड्यांनी. या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हातात येईपर्यंत ऑइल पिऊ लागलेल्या असायच्या आणि त्यांच्याभोवती एक अख्खं शास्त्र तयार झालं. ते कुठल्या पुस्तकात नव्हतं, नगर-पुणे आणि नगर-कल्याण रस्त्यालगतच्या गॅरेजांत होतं. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना भकाभक धूर आला आणि मग थांबला, तर व्हॉल्वचे सील गेले. रात्रभर हेडमधलं ऑइल झिरपून खाली आलं, तेच जळालं. चढावर जोर दिला की धूर वाढतो, तर रिंगा झिजल्या. ब्रीदरची नळी काढून बघितली आणि ती फुसफुस धूर मारत असली, तर पिस्टनच्या बाजूने दाब खाली उतरतोय, आता इंजिनकाम काढावं लागणार. धूरच नाही, पण पट्टी उतरतेय, तर गाडी रात्री जिथे उभी असते तिथला दगड बघायचा, त्यावर ठिपका पडलेला असणार. पाण्याच्या टाकीत तवंग दिसला, तर हेड गॅस्केट. मिस्त्री पट्टीवरचं ऑइल दोन बोटांत चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि निदान सांगायचा.

२०००च्या ऑगस्टात बोलेरो आली आणि तिच्या पाठोपाठ तिचं पिकअप रूप. २००५ मध्ये टाटाची एस आली, जिला महाराष्ट्राने ‘छोटा हत्ती’ म्हटलं. मराठीत ‘पिकअप’ला आधीच एक अर्थ होता, गाडीचा जोर. ‘गाडीला पिकअप नाही’ म्हणजे गाडी चढत नाही. आता तो गाडीच्या जातीचंही नाव झाला. हप्त्यावर नवी गाडी घेणं खेड्यातल्या तरुणाच्या आवाक्यात आलं आणि पहिल्यांदाच असे चालक रस्त्यावर आले ज्यांनी ऑइल पिणारं इंजिन पाहिलंच नव्हतं. नवी गाडी, दहा हजारांवर सर्व्हिसिंग, मधे बॉनेट कशाला उघडायचं?

उघडायला हवं ते याच काळासाठी. नव्या इंजिनाच्या सिलिंडरला आतून बारीक तिरप्या रेघा मारलेल्या असतात आणि पहिले काही हजार किलोमीटर रिंगा त्यांच्यावर घासून बसत असतात. तेवढ्या काळात थोडं जास्त ऑइल जळणं अपेक्षित असतं. शिवाय डिझेल वाचवण्यासाठी नव्या इंजिनांच्या रिंगा बारीक आणि हलक्या ताणाच्या असतात, ऑइलही पूर्वीपेक्षा पातळ. काही युरोपी मोटार कंपन्या हजार किलोमीटरला अर्धा लिटर खपही मर्यादेत धरतात. पट्टीवरच्या दोन खुणांत बहुतेक गाड्यांमध्ये साधारण एक लिटरचं अंतर असतं. म्हणजे अशा खपाची गाडी दोन हजार किलोमीटरमध्येच वरच्या खुणेवरून खालच्या खुणेला टेकू शकते. सर्व्हिसिंगला तेव्हा अजून आठ हजार बाकी असतात.

खप काढायचा हिशेब ताळेबंदासारखाच साधा आहे. समजा, मीटर ४२ हजारांवर असताना ऑइल वरच्या खुणेवर होतं. दूध नेणारी गाडी रोज ऐंशी किलोमीटर धावली तर महिन्याभरात मीटर ४४,४०० वर जातं. तेव्हा वरच्या खुणेवर यायला ४८० मिलिलिटर लागलं, तर हजार किलोमीटरला दोनशे मिलिलिटर झालं. आकडा एकटा फारसं सांगत नाही. तीन-चार महिन्यांचे आकडे शेजारी ठेवले की तो स्थिर आहे की चढतोय ते कळतं. फक्त माप सारख्या पद्धतीने घ्यावं लागतं. गाडी सपाटीला हवी, इंजिन बंद होऊन दहा मिनिटं तरी झालेली हवीत, म्हणजे वरचं ऑइल खाली निथळतं. रात्रभर उभी असलेली गाडी सर्वांत चांगली. म्हणून पहाटे पाचची वेळ हा नुसता रिवाज नाही, तीच मापाची खरी वेळ आहे.

आता सुरुवातीचं कोडं. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानकं लागू झाली. बहुतेक डिझेल पिकअपच्या धुराड्यात काजळी पकडणारी गाळणी आली, डीपीएफ. गाळणी भरली की ती आतल्या आत जाळून साफ करावी लागते आणि त्यासाठी तिथलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास न्यावं लागतं. ते साधायला अनेक इंजिनं एक युक्ती करतात. सिलिंडरमध्ये जादा डिझेल उशिरा सोडतात, म्हणजे ते तिथे न जळता पुढे धुराड्याकडे जाऊन उष्णता देतं. पण त्यातलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून रिंगांच्या फटीतून खाली ओघळतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. गाडी लांबच्या रस्त्यावर तापून धावली तर यातलं काही उडून जातं. दुधाची गाडी तशी धावत नाही. वस्तीवर थांब, कॅन चढव, पुढच्या डेअरीवर थांब, पुन्हा चालू. गाळणी साफ व्हायला घेते आणि चालक चावी फिरवून इंजिन बंद करतो. काम अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा डिझेल ओघळतं. पट्टीवरची रेघ वर चढते ती या डिझेलने. ऑइल वाढलेलं नसतं, पातळ झालेलं असतं आणि पातळ ऑइल बेअरिंगना आधार देत नाही.

याहून मोठी पंचाईत वेगळीच आहे. एकाच गाडीत ऑइल जळूही शकतं आणि डिझेल मिसळूही शकतं. दोन्ही सारख्याच वेगाने झालं तर रेघ जागची हलत नाही आणि सगळं ठीक वाटतं. पूर्वी जळणाऱ्या ऑइलची चुगली निळा धूर करायचा. आता बऱ्याचदा तो धूर बाहेर पडतच नाही, मधेच अडतो. ऑइलमधल्या रसायनांची राख मात्र गाळणीत साठत राहते आणि ती कितीही तापवलं तरी जळत नाही. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं वेगळं ऑइल लागतं. जुन्या ट्रॅक्टरसाठी आणलेला डबा घरात आहे म्हणून त्यातलं ओतून चालत नाही. समोरच्या पॅनेलवर तेलाच्या झारीचं लाल चित्र असतं, पण बहुतेक गाड्यांत ते ऑइलची पातळी सांगत नाही, दाब सांगतं. ते पेटेपर्यंत उशीर झालेला असतो. काही नव्या गाड्यांनी तर पट्टीच काढून टाकली आणि सेन्सर बसवला. माल वाहणाऱ्या गाड्यांच्या चालकांना ते अजून फारसं रुचलेलं नाही.

त्यामुळे गॅरेजमधलं जुनं शास्त्र अर्धं रद्द झालं आणि अर्धं नव्याने कामाला आलं. धूर बघणं बाद झालं. बोटांत चोळणं आणि वास घेणं परत आलं, कारण डिझेल मिसळलेल्या ऑइलला डिझेलचा वास येतो आणि ते बोटांत निसटतं. दुधाच्या फेऱ्या करणारे काही चालक आता आठवड्यातून एखादी फेरी मुद्दाम लांबची करतात. कांद्याच्या गोण्या भरून कल्याण रस्त्याला लागायचं, एका गतीने अर्धा तास गाडी पळवायची, मधे बंद करायची नाही, म्हणजे गाळणीचं काम पुरतं. रेघ एकदा वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर मात्र याने भागत नाही, ऑइल बदलावंच लागतं.

बदललेलं ऑइल जुन्या डब्यात ओतलं जातं आणि गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतं, कुठल्यातरी चौकटीसाठी किंवा फळीसाठी. नवं ओतून झाल्यावर चालक पाच-दहा मिनिटं थांबतो, पट्टी पुसतो, घालतो, काढतो. रेघ दोन खुणांच्या मधे, वरच्या खुणेला जवळ. तोवर डेअरीत दुधाचं माप संपलेलं असतं आणि कॅन भरून दाराशी आलेले असतात. बॉनेट आदळून तो आत बसतो, डॅशबोर्डवरच्या दूध संकलनाच्या पावतीपुस्तकाचं मागचं पान उघडतो आणि बॉलपेनने तारीख, मीटरचा आकडा आणि ‘ऑइल बदली’ असं लिहून ठेवतो.